डावीकडे दोन फिती

मंगळवार, १४ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

मी ठीक आहे. आईही ठीक आहे. पत्र बघून घाबरू नका, कुणाचं काही झालेलं नाही. फोनवर आपण दोघं हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहिते आहे. कोच उद्या तिकडे मंडप आणि अडथळे काढायला येत आहेत, त्यांच्या हाती हे पाकीट देईन. डिंकाने चिकटवून वरून टेप लावली आहे. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही.

रविवारच्या सायकल शर्यतीबद्दल प्रत्येक स्पर्धकाने आपलं निवेदन समितीला द्यायचं आहे. मी काल लिहिलं ते असं:

१. शर्यत सकाळी पावसात सुरू झाली. मार्ग पहिल्यापासून चिखलाचा होता.

२. ओढ्याला पाणी चढल्यामुळे आदल्या दिवशी मार्गात एक बदल केला होता. जळक्या झाडाच्या तिठ्यावर सरळ ओढ्याकडे न उतरता डावीकडे डोंगराच्या धारेवर चढायचं होतं.

३. हा बदल सुरुवातीच्या शेडमध्ये कर्ण्यावरून सांगितला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पुष्कळांना ऐकू आलं नाही.

४. मी तिठ्यावर पोहोचले तेव्हा पुढे गेलेल्या सगळ्यांच्या चाकांच्या खुणा सरळ गेल्या होत्या. हँडलवरच्या यंत्रात जुना मार्ग होता, तेही सरळ दाखवत होतं. मी सरळ गेले.

५. ओढ्याचं पाणी कमरेच्या वर होतं. एक स्पर्धक दगडावर आपटला, त्याचं कॉलरबोन मोडलं. इतरांनी सायकली खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला. मीही ओलांडला.

६. आम्ही जुन्या मार्गाने शेवटच्या रेषेवर पोहोचलो.

७. मागून आलेल्या स्पर्धकांना मार्ग आखणाऱ्यांनी स्वतः तिठ्यावर उभं राहून डावीकडे वळवलं.

मार्ग आखणारे म्हणजे तुम्ही. निवेदनात 'माझे वडील' असं लिहिलेलं नाही. समितीतल्या सगळ्यांना ते माहीत आहे, पण निवेदनाशी त्याचा संबंध नाही असं मला काल वाटत होतं.

हात अजून दुखतात. बोटं पेनाभोवती नीट वळत नाहीत, म्हणून अक्षर असं आलं आहे. सायकल दोनदा धुतली तरी साखळीतून वाळू निघते आहे. कपडे आईने तीन पाण्यांतून काढले आणि चौथ्याला म्हणाली, आता हा चिखल कपड्यांचाच रंग आहे असं समज. कानात माती होती, ती आज सकाळी ऑफिसात निघाली. झोप झाली की थकवा जातो म्हणतात. मी रविवारपासून झोपतेच आहे, थकवा काही हलत नाही.

तुम्ही मला लहानपणापासून मोजपट्टी म्हणत आलात, पण आमच्या कामाच्या जागी कधी आला नाहीत, म्हणून सांगते. आम्ही दुसऱ्यांची मापं तपासतो. वजनकाटे, दाबमापक, तापमापक. एखादं माप चुकीचं निघालं की त्यावर लाल चिठ्ठी लावायची, वापरू नये. मग ते दुरुस्त होऊन आलं की पुन्हा तपासायचं आणि चिठ्ठी काढायची. काढायचं काम कंटाळवाणं असतं. कपाटाच्या तळाशी लाल चिठ्ठीची मापं पडून राहतात, आणि कोणी विचारलं तर सगळे सांगतात, ते खराब आहे. शेवटचं कधी तपासलं, ते कुणाला आठवत नाही. आज दुपारभर मी ते कपाट आवरलं. साहेब म्हणाले, हे कोणी सांगितलं तुला? मी म्हटलं, कोणी नाही.

आता मुद्द्यावर येते.

काल समितीची सूचना आली. मार्ग आखणाऱ्याने लेखी कळवलं आहे की नवीन वळणावर खुणेच्या फिती बांधायच्या राहून गेल्या. चूक पूर्णपणे आपली आहे, असंही त्याने लिहून दिलं आहे. त्यामुळे चुकीच्या मार्गाने गेलेल्यांना बाद करता येणार नाही. तिठ्याच्या अलीकडच्या नोंदचौकीवर जो क्रम होता, तोच अंतिम धरायचा. शनिवारी समिती बसेल, कोणाचा आक्षेप नसेल तर निकाल कायम होईल. मार्ग आखणीचं काम पुढच्या वर्षीपासून दुसऱ्याकडे जाईल.

त्या क्रमात मी मुलींमध्ये तिसरी आहे. पहिल्या तिघींची संघात निवड होणार, त्या पुढच्या मोसमात बाहेरगावी खेळायला जाणार.

कोचचा लगेच फोन आला. ते खूश होते. म्हणाले, पाय तर तुझे तयार आहेतच, आता चार दिवस तोंड बंद ठेवायचा सराव कर. वर म्हणाले, म्हाताऱ्याने पोरांना ओढ्यात घातलं खरं, पण तुझं भलं झालं. म्हातारा कोण हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मग पंक्चरच्या रबराबद्दल काहीतरी बोलत राहिले.

आईला मी सूचना वाचून दाखवली. तुमच्याबद्दलचं वाक्य आलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "ते माणसं विसरतील. फीत नाही विसरायचे."

  पण एका टॉवेलची तिने दोनदा घडी घातली.

काल संध्याकाळी घोरपड आली. घोरपड म्हणजे आमच्या क्लबमधली, जी चढाला चिकटली की सुटत नाही ती. तिची साखळी नोंदचौकीच्या आधीच तुटली होती, म्हणून ती खूप मागे पडली. तिठ्यावर तुम्ही तिला डावीकडे पाठवलंत. धारेवरचा चढ तिने तुटकी साखळी गाठ मारल्यासारखी जोडून चढला, आणि खऱ्या मार्गाने पूर्ण करणाऱ्या मुलींमध्ये ती पहिली आली. नोंदचौकीच्या क्रमात ती सातवी आहे. नियमाप्रमाणे फीत हेच प्रमाण. फीत सोडून जाणारा बाद. फिती होत्या असं ठरलं तर आम्ही सगळे बाद, आणि घोरपड पहिली. नव्हत्या असं ठरलं तर मी संघात, घोरपड घरी.

ती भांडायला आली नव्हती. माझा पाना परत द्यायला आली होती. दारातच उभी राहिली, चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाली, तुझ्या बाबांनी मला वळवलं तेव्हा ते भिजून चिंब झाले होते, हातातून रक्त येत होतं. काट्यात हात घातल्यासारखं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, काही नाही, पोरी, तू चढ. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुला खरंच काही दिसलं नाही?"

मी सांगितलं, यंत्र सरळ दाखवत होतं.

"मी यंत्राचं नाही विचारलं," ती म्हणाली, आणि पाना चपलांच्या स्टँडवर ठेवून गेली.

काट्यात हात. तिथपासून मला ते सोडत नाहीये. म्हणून आता क्रमांक चार दुरुस्त करते. एकदा लिहिलेलं खोडायची मला सवय नाही, पण दुरुस्तीची आहे.

तिठ्यावर येईपर्यंत यंत्राच्या काचेवर बोटभर चिखल होता. मला त्यात काही दिसत नव्हतं. पुसायला हातमोजा वापरला तर आणखी चिखल लागला. ते सरळ दाखवत असणार हे मी घरी आल्यावर, ते धुऊन, जुना मार्ग उघडून ठरवलं. म्हणजे मी जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहिलं. आमच्याकडे एखाद्याने असं आकडा न वाचता लिहिला तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर बोलवत नाहीत.

जे दिसलं ते असं. तिठ्याच्या डाव्या हाताला काटेरी झुडूप. त्यावर हँडलच्या उंचीला दोन केशरी फिती. दोन म्हणजे वळा. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला. टोकं तिरकी कापलेली, पाणी निथळावं म्हणून. गाठ तुमची. मी सहा वर्षांची असताना तुम्ही ती मला खुर्चीच्या पायावर शिकवली होती. फीत चिखलाने माखली होती, पण गाठ ओळखायला रंग लागत नाही.

मी ब्रेक दाबला. एक पाय खाली टेकवला. मागून कोणी ओरडलं, चल, चल. पुढे सरळ उतारावर सगळ्यांच्या खुणा होत्या, पाचसहा जणांच्या पाठी अजून दिसत होत्या.

आणि मी मनात म्हटलं, बाबा चुकले असतील.

एवढंच. यंत्र नाही, खुणा नाहीत, मागचा ओरडणारा नाही. ते सगळं होतं, पण तेवढ्याने मी वळायची थांबले नसते. दुसऱ्या कोणी बांधलेली फीत असती तर मी डोळे मिटून डावीकडे गेले असते. कर्ण्यावरची सूचनाही मला ऐकू आली होती, मी पत्र्याच्या कडेला उभी होते. 'पुष्कळांना ऐकू आलं नाही' हे क्रमांक तीनमध्ये खरं आहे, फक्त त्या पुष्कळांत मी नाही.

मी निघाले तसा माझ्या मागचा घसरून त्या झुडपात गेला. काटे मोडल्याचा आवाज आला. त्याच्या मागून आणखी कोणी. नंतरच्यांना फीत दिसली नाही हे ते म्हणतात ते खरंच आहे, ती तोवर खाली चिखलात गेली असणार. पुढच्यांनी बघितली का, मला माहीत नाही. मान खाली घालून पेडल मारणाऱ्याला झाडसुद्धा दिसत नाही.

उतारावर मी खात्रीची फीत शोधत होते. वळणानंतर थोडं पुढे तुम्ही नेहमी एकच फीत बांधता ना, एकटी, खाली, बरोबर आलास हे सांगायला. इतर ठिकाणचे मार्ग आखणारे ती बांधत नाहीत. वळण दाखवलं की त्यांचं काम संपतं. तुम्ही म्हणायचात, वळण घेणं सोपं असतं, घेतल्यावर जीव खाली-वर होतो, तेव्हा फीत पाहिजे. उतारभर मी डावीकडे बघत होते आणि ती नव्हती. शोधत होते म्हणजे मला माहीत होतं. तरी थांबले नाही. चिखलात उतार असला की थांबणं हेच सगळ्यात अवघड.

ओढ्यात तो पडला तेव्हा मी त्याच्या मागे होते. हाड मोडल्याचा आवाज पाण्यातही येतो. त्याचा भाऊ आता सगळीकडे सांगत फिरतोय की त्या म्हाताऱ्यावर केस करायला पाहिजे.

आता शेवटच्या रेषेवरचं. हॉलमध्ये सगळीकडे पाणी आणि ओल्या रबराचा वास होता. मी भिंतीला टेकून बसले होते, बूट काढायचं त्राण नव्हतं. तुम्ही कुठूनसे आलात, टॉवेल दिलात, कागदी पेल्यात चहा दिलात. आपण वर्षभराने भेटत होतो. तुमचा हात फाटलेला होता आणि मी विचारलं नाही. तुम्ही वाकलात तेव्हा रेनकोटच्या खिशातून केशरी टोक बाहेर आलं होतं. तिरकं कापलेलं. गाठ तशीच होती आणि गाठीत मोडकी काटकी अडकली होती. मी पाहिलं. तुम्ही ते आत ढकललंत. मी चहाकडे बघितलं.

तुम्ही विचारलंत, तू सरळ गेलीस ना? मी मान हलवली. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात. गुडघे दुखत असणार तुमचे. मग म्हणालात, "तुझा वेळ धरतील. मी बघतो. काळजी करू नको."

मला वाटलं, हे नेहमीचं. मी बघतो, मी येतो, मी करतो. त्याची सवय होती म्हणून मी ऐकलंच नाही. काल सूचना वाचली तेव्हा कळलं की या वेळी तुम्ही खरोखरच बघितलंत.

फिती तुमच्या खिशात आहेत, बाबा. तुम्ही त्या काट्यांतून हाताने काढल्यात, मग समितीला लिहून दिलंत की बांधल्याच नव्हत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

मला याचा राग आला आहे, हे आधी लिहिते. तुम्ही मला न विचारता माझी जागा विकत घेतलीत आणि तिची किंमत म्हणून तुमचं आयुष्यभराचं काम दिलंत. त्या डोंगरातली एकूणएक पायवाट तुम्ही पायाने ओळखता. तुम्ही घर सोडलंत तेही त्या डोंगरासाठीच, असं मी लोकांना सांगत आले. आता तोच डोंगर तुम्ही माझ्यासाठी सोडायला निघालात, तर मी लोकांना काय सांगू?

शाळेच्या फाटकाशी मी उभी असायचे. तुम्ही न आलेले दिवस मला लख्ख आठवतात, कुठल्या बाजूला ऊन होतं तेसुद्धा. आलेले आठवत नाहीत. काल रात्री आठवायचा प्रयत्न केला, तर आई म्हणाली, येत होते की, उशिरा यायचे, तू तोवर रागाने निघून आलेली असायचीस, मग ते दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत सायकल घेऊन तुझ्या मागे मागे. हे मला ठाऊकच नव्हतं. किंवा होतं. फक्त एकाच प्रकारच्या नोंदी ठेवल्या की निष्कर्ष चुकतो, हे मी रोज दुसऱ्यांना शिकवते.

याचा अर्थ सगळं मिटलं असा नाही. तुम्ही गेलात ते गेलातच, आणि त्या काळात आईने एकटीने काय ओढलं ते मी बघितलं आहे. ते माझ्या हिशोबातून जाणार नाही. पण रविवारी फीत बरोबर होती. तेवढं तरी मला बरोबर लिहू द्या.

तर मी काय करणार आहे ते सांगते. शनिवारी समितीला दुरुस्त केलेलं निवेदन देणार. फिती होत्या, डावीकडे होत्या, मी त्या पाहिल्या आणि सरळ गेले. मी बाद होईन. कोच मला काय म्हणतील याची कल्पना आहे. घोरपडीला अजून सांगितलेलं नाही, आधी तुम्हाला सांगायचं होतं.

अडचण अशी आहे की फक्त मीच सांगितलं तर ते टिकणार नाही. बांधणारा म्हणतो बांधल्या नाहीत आणि त्याची मुलगी म्हणते बांधल्या होत्या. सगळे म्हणतील, पोरगी बापाला वाचवते आहे. स्वतःवर दोष घेणाऱ्यावर लोक लगेच विश्वास ठेवतात, तो खरं बोलतोय का ते कोणी तपासत नाही. आपल्या दोघांपैकी एक जण खोटं ठरेल आणि ते मी ठरेन. मला त्याचं फारसं काही नाही. पण मग घोरपडीचा पहिला नंबर जाईल, तो भाऊ तुमच्यामागे लागेल, आणि पुढच्या वर्षी त्या तिठ्यावर दुसरा कोणीतरी फीत बांधेल. तो वळणापाशी बांधेल आणि घरी जाईल.

म्हणून तुमचं पत्र तुम्ही मागे घ्या. फिती घेऊन शनिवारी या, काटकीसकट. धुऊ नका.

तुम्हाला हे करायचं नसेल, तर तसं लिहा. का करायचं नाही तेही लिहा. 'तुझ्यासाठी' एवढं लिहू नका, ते मला कळलं आहे. ते कळायला मला दोन दिवस लागले, आणि कळल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसले होते, हे मी एरवी लिहिलं नसतं. दमले आहे म्हणून लिहिते आहे.

हाताला काही लावलंत का? काटा आत राहिला असेल तर पिकेल. डॉक्टरांना दाखवा.

कोच शुक्रवारी दुपारी तिथून निघतील. होय किंवा नाही, कागदावर लिहून, तुमच्या सहीने, त्यांच्याबरोबर द्या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला तुमचं उत्तर हवं आहे. मी संध्याकाळी क्लबच्या फाटकाशी उभी राहीन. या वेळी निघून जाणार नाही.

तुमची
मोजपट्टी